येत्ये हो

जगभरातले अनोळखी लोक माझ्या आईला खोटारडी म्हणायला लागले, तेव्हा ती दोह्यात, फरीज बिन ओमरानमधल्या आमच्या फ्लॅटच्या स्वयंपाकघरात उभी राहून कुळथाच्या पिठल्यातल्या गुठळ्या मोडत होती. तिला काहीही माहीत नव्हतं. घरातल्या दोन्ही पुरुषांना मात्र माहीत होतं. एक ते लपवत होता आणि दुसरा ते चवीचवीनं चघळत होता. लपवणारा माझा मामा होता आणि चघळणारे बाबा. मी आता आईच्या त्या वेळच्या वयाच्या जवळ आले आहे, आणि या वयाला माणसं माफ करायला शिकतात असं म्हणतात. मला काही ते जमलेलं नाही.

विनूमामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ. गुहागरला माझी आजी गेली तेव्हा तो जेमतेम बालवाडीत होता आणि आई कॉलेजात. त्याला न्हाऊमाखू घालण्यापासून सायकल शिकवण्यापर्यंत सगळं आईनंच केलं. तिचं लग्न होऊन ती बाबांबरोबर दोह्याला आली तेव्हा तो तापानं फणफणला होता, आणि ही गोष्ट ती जेवायला बसलेल्या प्रत्येक पाहुण्याला सांगायची. पुढे तो इंजिनिअर झाला, मुशैरिबमधल्या एका ऑफिसात आयटीच्या काँट्रॅक्टवर आला, आणि आमच्या हॉलमधल्या दिवाणावर त्याचा बिछाना पडला तो पडलाच. तेव्हाचं मुशैरिब आत्तासारखं काचेचं आणि चकचकीत नव्हतं. संध्याकाळी तिथून चालत येताना तो खालच्या बकालातून, म्हणजे किराणा दुकानातून, गरम खुबूस आणायचा. ते कागदातून काढून आई त्याच्यावर तूप सोडायची आणि म्हणायची, ही अरबांची पोळी आपल्या पिठल्याबरोबर भाकरीहून बरी लागते. बाबा नाशिकचे, गॅसच्या प्लँटवर मोठ्या हुद्द्यावर. त्यांना पिठलं आवडायचं नाही आणि दिवाणावरचा मेहुणा तर अजिबातच नाही. पण ते बोलायचे नाहीत. एसीचा रिमोट तेवढा ते आपल्याजवळ ठेवायचे.

मग मामाचं काँट्रॅक्ट संपलं, आणि बाबांनी दुसऱ्या ठिकाणी शब्द टाकून ठेवला असतानाही तो घरी बसला. त्याला गेम बनवायचा होता. अंतराळातल्या लढाईचा गेम, ज्यात आपण लढाऊ विमानासारखं यान चालवतो, गिरक्या घेतो, शत्रूच्या मागे लागतो. त्याच्याबरोबर दोन मित्र होते, एक नागपूरचा आणि एक साताऱ्याचा. तिघंही मराठी, आणि पुढचा सगळा घोटाळा त्यातूनच झाला. गेमचं नाव त्यांनी ‘सप्तर्षी’ ठेवलं. खेळणाऱ्याच्या यानाजवळून एक छोटं सोबतीचं यान उडायचं, त्याचं नाव अरुंधती. ती तुमची पाठ राखायची, मागून कोण येतंय ते सांगायची, आणि तिचं इंधन संपत आलं की ते भरायला तळाकडे निघून जायची, मग थोड्या वेळानं परत यायची. गेम चालला तर परदेशातली एखादी कंपनी मामाला उचलणार होती. नाही चालला तर व्हिसा संपल्यावर गाशा गुंडाळून गुहागर. आईला या दोन्हींतलं काहीच नको होतं. तो दिवाणावर राहावा, एवढीच तिची इच्छा होती.

अरुंधतीचा आवाज आईचा घ्यायचा हे मामाच्या डोक्यात पहिल्यापासून होतं. गुहागरच्या उतारावर तो सायकलवरून सुटायचा तेव्हा आई मागून पळत ओरडायची, डावीकडे घे रे, मागून यष्टी येत्ये, पुढं बघ. तेच त्याला हवं होतं, जसंच्या तसं. शुक्रवारी, म्हणजे तिथल्या सुटीच्या दिवशी, दुपारी आमचा एसी बंद करायचा, आईला बेडरूमच्या कपाटात दुलयांच्या मध्ये बसवायचं, आणि तिच्या तोंडासमोर माइक धरायचा. दोह्यात एसी बंद केला की पहिल्यांदा कळतं की आपण इतके दिवस त्याच्याच आवाजात राहत होतो. मग फ्रीजची घरघर ऐकू यायची, तीही बंद करायची. अजान सुरू झाली की थांबायचं. आई घामानं निथळत कपाटातून बाहेर यायची, कोकम सरबत घटाघटा प्यायची आणि परत आत जाऊन बसायची. इतकी खूश मी तिला आधी पाहिली नव्हती, नंतर तर नाहीच. ‘मागं आलाय बघ मेला’ हे वाक्य तिचं स्वतःचं. निघून जातानाचं वाक्यही तिचंच होतं. ते कुणी लिहून दिलं नव्हतं. मामा म्हणाला, आता तू निघालीस, काय म्हणशील? आई घरातून बाहेर पडताना जे म्हणायची तेच म्हणाली, ‘येत्ये हो.’

आता हे मराठी माणसाला काय सांगायचं? आपल्याकडे जाणारा येतो म्हणतो. जाते हा शब्द आमच्या घरात मेलेल्या माणसांसाठी होता. तिघा मित्रांनी तो गेम महिनोन्‌महिने खेळून तपासला, अरुंधती ‘येत्ये हो’ म्हणाली की तिघंही मुकाट्यानं समजायचे की ही निघाली, आता आपलं आपण बघायचं. मराठी कळत नाही त्यांच्यासाठी खाली इंग्रजी ओळी यायच्या. त्या मामानं घाईघाईत एका दिवसात लिहिल्या, आणि या वाक्याखाली त्यानं लिहिलं, ‘आय ॲम कमिंग’. मी इंग्रजी शाळेत जाणारी, आईला मराठीत विचारलेल्याचं उत्तर इंग्रजीत देणारी मुलगी. मला ती ओळ दाखवली असती तर मी तिथल्या तिथे सांगितलं असतं. पण मला कोण विचारणार?

गेम विकायला आला आणि चारही दिशांनी घेरलेल्या परदेशी खेळाडूंना ‘मी येतेय’ असा निरोप मिळायला लागला. ते बिचारे पाय रोवून वाट बघायचे, आणि अरुंधती त्यांच्या डोळ्यांदेखत पाठ फिरवून निघून जायची. मग त्यांचा चुराडा व्हायचा. एकदा, दोनदा, प्रत्येक लढाईत. पहिल्याच आठवड्यात बोंब उठली की सोबतीण खोटं बोलते.

शुक्रवारी जेवताना बाबा लॅपटॉप घेऊन बसायचे. एरवी त्यांना गेममधलं ओ की ठो कळत नव्हतं, पण गुणपत्रिका त्यांना कळायची. आज किती मिळाले, असं मामाला विचारायचे आणि मग एकेक रिव्ह्यू इंग्रजीत मोठ्यानं वाचायचे, सावकाश, मीटिंगमध्ये वाचल्यासारखे. यान चालवायला मऊसूत आहे, असं बहुतेकांनी लिहिलं होतं. गिरकी घेताना पोटात गोळा येतो, असंही एकानं लिहिलं होतं. त्या ओळी बाबा भराभर वाचायचे आणि सोबतिणीपाशी आले की रेंगाळायचे. ही बाई कोण आहे, हिला कुणीतरी यानाबाहेर ढकला. माझ्या सासूनंही मला इतक्या वेळा फसवलं नसेल. मी अरुंधतीलाच गोळ्या घालायचा प्रयत्न केला, पण गेम घालू देत नाही, एक गुण कमी. आईला इंग्रजी बेताचंच कळायचं, ती आतून विचारायची, काय म्हणतायत हो? बाबा मराठीत सांगायचे, तुझ्या भावाचं कौतुक चाललंय. मामा मान खाली घालून ताटातला भात चिवडायचा. मला सगळं कळत होतं, पण मला गप्प बसवायला बाबांचा एक कटाक्ष पुरायचा.

एका नामांकित समीक्षकानं तर कळसच केला. त्यानं लिहिलं की हा दोष नसून हेच या गेमचं मर्म आहे, जी येते म्हणते तीच सोडून जाते हे कटू सत्य आजवर इतक्या निर्दयपणे कुणी मांडलं नव्हतं. बाबा हसून हसून खोकायला लागले. मामाला मात्र तो परिच्छेद आवडला. दोन दिवस तो स्वतःला कलावंत समजत होता.

मध्यंतरी माझ्या वाचनात आलं की आईचा आवाज असलेली ती जुनी, मूळ आवृत्ती मिळवायला काही हौशी लोक आता धडपडतात. आपल्या तारुण्याबद्दल गळा काढत ते लिहितात की ती बाई किती गोड होती, तिच्याशिवाय सप्तर्षीला मजा नाही. त्यांतली काही नावं मी ओळखते. तीच आहेत. तेव्हा तिला काय काय म्हणाले होते, ते त्यांच्या आता लक्षातही नसेल. माझ्या आहे.

आईला कळलं ते समैस्माला. मराठी मंडळींची थंडीतली सहल होती. किनाऱ्यावर सतरंज्या पसरल्या होत्या, बायका डबे उघडत होत्या, मुलं गुडघाभर पाण्यात. आई सगळ्यांना कोथिंबीर वडी वाढत होती. ओल्या खोबऱ्याची चटणी गाडीतच राहिली म्हणून ती उठली, साडीचा पदर खोचला, आणि सवयीनं म्हणाली, ‘येत्ये हो.’

आधी एक मुलगा फिसकन हसला. मग सगळी मुलं. आमच्याच शाळेतली, आईच्या हातचं खाऊन वाढलेली. एकानं दोन्ही हात पंखांसारखे पसरले आणि तिचा आवाज काढून ‘येत्ये हो’ म्हणत तो उलट्या दिशेनं धावत सुटला. मागून बाकीचे, येत्ये हो, येत्ये हो करत, रेतीत लोळेपर्यंत. मोठी माणसं हसायला लागली. कुणीतरी विचारलं, वहिनी, नक्की येताय की जाताय? आईही हसली, कारण सगळे हसत होते. हातात रिकामी वाटी घेऊन ती कितीतरी वेळ तशीच हसत उभी होती. बाबा सतरंजीवर आडवे पडून वडी खात होते. ते म्हणाले, अगं, तू आता जगप्रसिद्ध आहेस, तुला माहीत नाही का?

घरी आल्यावर तिनं पायांची वाळूही धुतली नाही. मला लॅपटॉपसमोर बसवलं आणि म्हणाली, मला दाखव. मी तिला एक व्हिडिओ दाखवला. कुठल्याशा थंड देशातला एक तरुण, कानांवर हेडफोन, हा गेम खेळत होता. आई पडद्यावर बोलायची, ‘येत्ये हो’, आणि तो आपल्या खुर्चीत मागे रेलून म्हणायचा, नाही येत तू, बाई, नाही येत. मग स्फोट. मग तो पोट धरून हसायचा. त्यानं असे सगळे तुकडे कापून एकापुढे एक जोडले होते. आईनं पूर्ण बघितलं. खाली लोकांनी लिहिलेलं मला मराठीत सांगायला लावलं. मला कित्येक शब्दांना मराठी माहीत नव्हतं, आणि माहीत असलेले आईसमोर उच्चारायचे नव्हते. शेवटी ती म्हणाली, मी येत्ये म्हटलं की जायचंच असतं, हे यांना कुणी सांगितलं नाही?

मी हॉलमध्ये जाऊन मामाला इंग्रजीत सांगितलं की फक्त खालची ओळ बदल, ‘आय ॲम लीव्हिंग’ लिही, खलास. इतकं साधं होतं ते. गेमच्या दुकानवाल्यांनी त्याला निर्वाणीचं कळवलं होतं की सोबतीण दुरुस्त करा नाहीतर गेम काढून टाकू. मामाच्या चेहऱ्यावर बऱ्याच दिवसांनी रंग आला. त्यानं आईला हाक मारली आणि सांगितलं, ताई, तुझा आवाज तोच राहील, फक्त खाली इंग्रजीत लिहितो, मी जाते.

आई दारात उभी होती. ‘नको,’ ती म्हणाली. ‘तो पोरगा चहूकडून घेरलेला असणार, मरायला टेकलेला. आणि मी त्याला सांगू, जात्ये म्हणून? माझ्या तोंडी तो शब्द घालायचा नाही, विनू.’

‘अगं, तुझ्या तोंडी कुठे? खाली असेल. इंग्लिशमध्ये.’

‘कुठंही असू दे. तू त्या यानात बसलेला असतोस असं समजून मी ते बोलल्ये.’

इथे मामानं थांबायला हवं होतं. खालच्या ओळीत दुसरं काहीतरी लिहिता आलं असतं. परत येते, म्हणून लिही, एवढंही कुणाला सुचलं नाही. मला सुचलं ते कितीतरी वर्षांनी, दुसऱ्या गावात, भांडी घासताना. पण मामा आधीच चिडलेला होता. बाबांवर चिडायची सोय नव्हती, जगावर चिडून उपयोग नव्हता. तो म्हणाला, ‘ताई, ते मला हसत नाहीयेत. तुला हसतायत. तुझ्यापायी मी बुडतोय.’

 आई म्हणाली, ‘मग काढून टाक मला.’

आई असं अनेकदा म्हणायची. जेवण जमलं नाही, तर फेकून दे. साडी आवडली नाही, तर नको आणूस मला. समोरच्यानं नाही नाही म्हणावं म्हणूनच बायका असं म्हणतात, हे मामाला माहीत होतं. तिच्याच हाताखाली तो वाढला होता. त्यानं मान डोलावली आणि लॅपटॉप ओढला. आईनं तळलेल्या बटाट्याच्या काचऱ्या खात खात त्यानं त्याच रात्री तिला गेममधून काढून टाकलं. मागं आलाय बघ मेला, डावीकडे घे रे, सगळं. तिच्या जागी एका इंग्रज मुलीचा आवाज आला, गोड, थंड, बिनचूक. आय ॲम लीव्हिंग, होल्ड ऑन, असं ती म्हणायची. खेळाडू शहाण्यासारखे माघार घ्यायचे आणि वाचायचे.

गुण चढायला लागले. ज्यांनी आधी शिव्या घातल्या होत्या त्यांनी आपले रिव्ह्यू बदलले, आणि इतका चांगला बदल आजवर कुठल्या गेममध्ये झाला नाही असं लिहिलं. बाबांचं शुक्रवारचं वाचन चालूच राहिलं. आता आईपासून काही लपवायचं उरलं नसल्यामुळे ते मराठीत वाचायचे. त्यांचं मराठी किती चांगलं होतं, ते मला तेव्हा कळलं. एका दुपारी दहीभात कालवता कालवता त्यांनी एक ओळ वाचली, थांबले, शब्द जुळवले आणि म्हणाले, ‘हा म्हणतो, म्हातारी मेली एकदाची. आता खेळायला मजा येते.’

आई त्या वेळी मामाला आमटी वाढत होती. ती चाळिशीचीसुद्धा नव्हती.

आणि मामा हसला. मुद्दाम नसेल. त्या दिवशी सकाळीच परदेशातल्या कंपनीची मेल आली होती, त्याला कशाचंही हसू आलं असतं. पण तो हसला, मोठ्यानं, बाबांच्या बरोबरीनं. दोघांचं एकत्र हसणं त्या घरात मी पहिल्यांदा ऐकलं. आईनं पळी भांड्यात ठेवली, भांडं झाकलं आणि आत गेली. भांडण झालं नाही. त्यानंतर ती मामाला वेळच्या वेळी जेवायला वाढत राहिली, त्याचे कपडे इस्त्रीला देत राहिली, पण त्याला नावानं हाक मारलेली मी ऐकली नाही.

तो निघाला त्या सकाळी आईनं घावन केले होते. त्याची बॅग दाराशी उभी होती. आमच्याकडून कुणीही निघालं की आई त्याच्या हातावर दही ठेवायची, मग लिफ्टनं खाली उतरायची, गाडी सुटेपर्यंत इमारतीच्या दारात उभी राहायची, आणि गाडी कोपऱ्यावर वळली तरी हात हलवत असायची. वॉचमन तिला हसायचा. पाहुणा दिसेनासा होईपर्यंत दार लावायचं नाही, असा तिचा नेम होता. त्या दिवशी तिनं दही ठेवलं. मामानं ते चाटलं आणि तेवढ्यात त्याचा फोन वाजला. खाली टॅक्सीवाला आला होता. मामा त्याला म्हणाला, यल्ला, आय ॲम लीव्हिंग, टू मिनिट्स. फोन खिशात टाकला, बॅगेचा दांडा वर ओढला, आईच्या पाया पडला. मग उंबऱ्याबाहेर पाऊल टाकून मागे वळला आणि म्हणाला, ‘चल ताई, जातो.’

तो तोंडात बसलेल्या इंग्रजीमुळे असं बोलला, की जाणूनबुजून, हे मला आजही ठरवता येत नाही. बाबासुद्धा सोफ्यावरून अर्धवट उठले. ज्यांनी तो जावा म्हणून वर्षभर वाट पाहिली होती तेच म्हणाले, अरे, येतो म्हण. मामा ओशाळला. त्यानं तोंड उघडलं होतं. पण आई आधी बोलली.

‘जा,’ ती म्हणाली.

आणि तिनं दार लावलं. बाबा पुढे झाले तर ती दाराला पाठ लावून उभी राहिली आणि म्हणाली, राहू दे. आमच्या इमारतीची लिफ्ट एकच होती आणि सकाळच्या वेळी ती प्रत्येक मजल्यावर थांबत यायची. तेवढा सगळा वेळ मामा दारापलीकडे उभा होता. त्याच्या बॅगेची चाकं फरशीवर पुढे मागे होत असलेली आम्हाला ऐकू येत होती. एकदा तो म्हणाला, ताई. मग लिफ्टचं दार उघडलं, बंद झालं, आणि आई स्वयंपाकघरात जाऊन उरलेल्या पिठाचे घावन घालायला लागली.